टकरी परदेशात, पंचनामा ठाण्यात

विषय : कु. हेमा कोळी, तात्पुरत्या स्कॅनर, यांना कायम करणेबाबत.
संदर्भ : त्यांचा अर्ज व त्यावरील आमची असंख्य स्मरणपत्रे.

फाइलीत कागद साठतात. कागदावर लिहिता येत नाही ते कारकुनाच्या डोक्यात साठतं. नव्वदच्या सुमारास मी ठाण्यातल्या एका कॉलेजात फिजिक्स विभागाचा कारकून होतो. ही फाइल तिथली.

आमच्या पेंडसे सरांकडे परदेशातून खास फोटोप्लेटा यायच्या. तिथल्या यंत्रातून जड अणूंची केंद्रकं या प्लेटांवर सोडत. ती प्लेटमधल्या केंद्रकांवर आदळत आणि उडालेल्या कणांच्या रेघा तिथेच उमटत. आमची स्कॅनर, कोपरीची हेमा, मायक्रोस्कोपला डोळा लावून एकेका रेघेचा कोन मोजायची.

"कशासाठी?" मी विचारलं.

"कण वाटेल तिकडे उडतात की क्षणभर सगळे मिळून वाहतात, ते बघायचंय! वाहत असतील तर एका टकरीतले बरेच कण एकाच अंगाला कललेले दिसतील."

"आणि नाही दिसले तर?"

"पुढची प्लेट!"

*

हेमाच्या अर्जात प्लेटांचा आणि टकरींचा उल्लेख वाचून मुख्य कार्यालयाने विचारणा केली : 'सदर टकरी कॉलेजच्या आवारात होतात काय? होत असल्यास अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला जोडावा.'

मी उत्तर पाठवलं : 'टकरी परदेशात पूर्वीच झालेल्या आहेत. येथे फक्त पंचनामा होतो.'

त्यावर पंचांची नावं मागवली!

*

तात्पुरत्या माणसाला कायम होण्याचा हक्क लागू नये म्हणून, नोकरीची सलगता मोडायला दर सहामाहीला एक दिवस नेमणूक तोडत. एकदा तो दिवस नेमका अर्ध्या मोजलेल्या टकरीवर आला. हेमा व्हिजिटर म्हणून सही करून दारात स्टुलावर बसली. आत मायक्रोस्कोपवर सर.

"सर, हळू! भिंग प्लेटला टेकेल! डावीकडे... तुमच्या डावीकडे!"

"मग तूच ये ना इकडे!"

"कशी येऊ? मी आज आलेलीच नाहीये!"

*

आणि मग तो दिवस! हेमाने डोळा न काढताच हाक मारली, "सर, हे बघा! याही टकरीतले निम्मेअधिक एकाच अंगाला चाललेत."

"मायक्रोस्कोपचं स्टेज तिरकं असेल," सर म्हणाले आणि खालून सपाटी तपासायची लेव्हल-बाटली घेऊन आले.

"अहो सर, स्टेज तिरकं असतं तर सगळ्या टकरी एकाच बाजूला कलल्या असत्या. इथं प्रत्येकीची बाजू वेगळी आहे!"

सरांनी स्वतः डोळा लावून पाहिलं. मग एवढ्या जोरात टेबलावर हात मारला की भिंगाला लावायच्या तेलाची बाटली माझ्या मस्टरवर! "वाहतंय रे! वाहतंय!" मी वडे मागवले. पुढचे दोन महिने तेलकट मस्टरमधून मागच्या पानावरची सही पुढे दिसायची.

पुढे शेकडो टकरी मोजल्या. कल टिकला!

*

पेपर छापून आला. त्यात हेमाचं नाव दुसरं. पाठोपाठ परदेशातून तिला पत्र आलं : तीन महिने येऊन मोजण्याची पद्धत शिकवा, खर्च आमचा. सर पत्र हातात घेऊन जिने चढत आले, "आता कोण कायम करत नाही ते बघतो!"

मी तिचा कायम करण्याचा आणि परदेशी जाण्याचा, असे दोन्ही अर्ज एकत्र पाठवले.

परदेशी जाण्याच्या अर्जावर शेरा आला : 'ही परवानगी केवळ कायम कर्मचाऱ्यांस देता येते. प्रथम कायम करणेबाबतचा निर्णय व्हावा.'

कायम करण्याच्या अर्जावर शेरा : 'अर्जदार परदेशी जाण्याची शक्यता आहे. परत आल्यावर विचार करावा.'

मी निवृत्त झालो त्या दिवशी दोन्ही अर्ज विचाराधीन होते.