आतून रिकामा मेल

सडक्या कोबीसारखा वास पालेगावच्या आमच्या बाल्कनीपर्यंत आला, की मला अंबरनाथच्या कंपनीतली ती दुपार आठवते. तिथला मेल सर्व्हर मी सांभाळायचो. सेफ्टीच्या मॅडम धापा टाकत आल्या. "अरे, गॅसच्या टाकीला गळती लागलीय म्हणून सकाळी सगळ्यांना मेल टाकला, आता कुणाकडेच दिसत नाही. मॅनेजर साहेब म्हणतात, मी तो पाठवलाच नाही." आमच्या सर्व्हरवर सगळ्यांसाठी मेलची एकच प्रत असायची, आणि पटकन सापडावं म्हणून त्यातल्या शब्दांचा इंडेक्स वेगळा. मी 'गळती' टाईप केलं. मॅडमचं नाव, विषय, वेळ, सगळं क्षणात आलं. उघडलं, तर आत काहीच नाही. कुणीतरी थेट सर्व्हरवरून मेल उडवला होता, इंडेक्सचं मात्र त्याच्या लक्षात आलं नव्हतं. सर्व्हर रूमची एक चावी माझ्याकडे असायची, दुसरी मॅनेजर साहेबांकडे. मी वळलो, तर ते दारातच उभे. "इंडेक्स नवीन बनवून टाक रे," ते अगदी प्रेमाने म्हणाले, "जुनं कशाला दिसायला हवं?" एसीच्या गारव्यात तो वास एव्हाना आतही शिरला होता. मॅडम सरळ गेटवर गेल्या आणि स्वतःच्या हाताने भोंगा वाजवला, तेव्हा कुठे आम्ही सगळे पळत रस्त्यावर आलो. पुढे कंपनीने त्यांनाच काढलं. आज वास जरा जास्तच आहे. मी कधीचा कान देऊन उभा आहे, भोंगा काही वाजत नाही.