अबेनाचा निळा कोट

क्वामेचा फोन आला तेव्हा मी त्याच्या बायकोसाठी, अबेनासाठी, बाळंतिणीच्या खिरीचे अळीव भिजत घालत होते. अबेना गेली, तो म्हणाला. बाळ बरं आहे, हेही म्हणाला.

इथे परदेशात, नॉर्थ यॉर्कमधल्या आमच्या इमारतीत ती समोरच्या दारात राहायची. लहानपणी घानाहून आलेली, एका लायब्ररीत नोकरीला. ओळख झाली इस्त्रीवरून. तिची बिघडली म्हणून माझी न्यायला आली आणि नवी घेतलीच नाही. तुमच्या इस्त्रीची वाफ चांगली, म्हणायची. खरी ओढ चहाची. मला आंटी म्हणे. त्यांच्याकडेही थोरल्या बाईला तसंच म्हणतात.

दिवस राहिल्यावर प्रत्येक तपासणीआधी ती इस्त्री न्यायची. डॉक्टरकडे चाललीस की इंटरव्ह्यूला, असं मी एकदा चिडवलं. ती हसली नाही. "आंटी, काळी बाई साध्या कपड्यांत जाऊन दुखतंय म्हणाली, की त्यांना वाटतं वाढवून सांगतेय. कोट घातला की निदान ऐकून घेतात." थोरल्या बहिणीच्या बाळंतपणात तिने पाहिलं होतं, बहिणीने आवाज चढवला, तेव्हा औषधाआधी ताकीद मिळाली. म्हणून ही हळू बोलायची, हसून बोलायची.

मुलगी झाली. थोड्याच दिवसांत अबेनाचं डोकं दुखू लागलं, डोळ्यांपुढे ठिपके येऊ लागले. बाळंतपणानंतरही रक्तदाब चढू शकतो हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती लगेच हॉस्पिटलला निघाली. पण निघण्याआधी इस्त्री मागायला आली. आपल्याकडे बाळंतीण मऊ, चुरगळलेल्या सुती साडीत, कानाला रुमाल बांधून पडलेली असते. ती अशक्त आहे हे कुणाला सांगावं लागत नाही. अबेना कडक इस्त्रीच्या निळ्या कोटात, कानात मोती घालून गेली. तिथे तिने सगळं नीट, क्रमाने सांगितलं. क्वामे सांगतो, नर्स अगदी प्रेमाने म्हणाली, "तुम्ही तर किती छान दिसताय. नव्या आईला थकवा येतोच." रक्तदाब जरासा चढलाय म्हणाले, आणि घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आकडी आली. ती शुद्धीवर आलीच नाही.

ओरडली असती तर भांडखोर ठरली असती. शांत राहिली, तर धडधाकट ठरली. मग तिने जायला हवं होतं तरी कसं?

परवा क्वामे इस्त्री परत द्यायला आला, मुलगी खांद्यावर. हॉस्पिटलने झाल्या प्रकाराबद्दल बोलायला बोलावलंय, सोबत याल का, असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं. त्याच्या शर्टावर दुधाचे डाग होते, कॉलर मुडपलेली. जाताना घालायचा शर्ट ठेवून जा, इस्त्री करून देते, असं मी सवयीने म्हणून गेले.

"नको, आंटी. मी असाच येणार आहे."

इस्त्री मी कपाटात ठेवली. अबेना वायर घट्ट गुंडाळून तिला आपलं केसांचं रबर लावायची. ते अजून तसंच आहे.