शिपायांवरचा दुधाळ थर
प्रयोगशाळेत वार्निशचा डबा उघडला की मला चांदूर रेल्वेच्या मामांचे ओसरीवरचे टेबल आठवते. संत्र्याची बाग वाळल्यानंतर मामा अमरावतीच्या एका डॉक्टरांचे बोटभर उंचीचे शिशाचे शिपाई रंगवू लागले. डॉक्टर ते टेबलावर मांडून लढाईचा खेळ खेळत. पहिले वीस पसंत पडले, तर सगळी फौज मामांकडे येणार होती. काळ्या अस्तरावर मातकट तपकिरी रंग, त्यावर केसाएवढ्या रेघांच्या मिशा आणि पट्टे, असे पंधरा दिवसांचे काम संपले होते. उरला होता चमक घालवणाऱ्या वार्निशचा फवारा. "आज हवा ओली हाये, उद्या मारू," मामा म्हणाले. "मामा, रसायनशास्त्र मी शिकते की तुम्ही?" मी विचारले. "बरं बाप्पा, तूच मास्तरीण," असे हसून म्हणत त्यांनी डबा माझ्या हाती दिला. तासाभरात त्या दमट हवेने वार्निशवर दुधाळ थर धरला आणि वीसही चेहरे त्याखाली गेले. पुसायला गेलो तर मिशाही निघाल्या. तसेच शिपाई घेऊन आम्ही अमरावतीला गेलो. "हे कुणी केलं?" डॉक्टरांनी विचारले. मी मामांकडे पाहिले. "माह्याच हातानं झालं, सायेब," ते म्हणाले, आणि मी मान खाली घातली. फौज दुसऱ्याकडे गेली. परतताना बसमध्ये मी विचारले, "खोटं का बोललात?" मामा म्हणाले, "तुले अजून लय शिकाचं हाये." आज माझे संशोधन रंगांच्या थरांवरच आहे. डॉक्टरांचे घर माझ्या रोजच्या वाटेवर आहे, आणि त्यांच्या लेखी ती चूक अजूनही मामांचीच आहे.