आडोशाची जागा

खाजणातल्या चिखलाला पावसाळ्यात एक वास असतो. मीठ, कुजलेलं गवत आणि तापून आंबलेलं पाणी यांचा मिळून झालेला, उष्ण, चिकट, ओल्या गोधडीसारखा अंगावर बसणारा. सागरगंध म्हणून ज्याची रसभरित वर्णनं आपण वाचतो, त्याच्याशी या वासाचं कसलंही नातं नाही. श्रावणातल्या एका दुपारी तो आमच्या घरगाडीच्या फटीफटीतून आत शिरला, आणि तेव्हा माझ्या डोक्यात जो संताप पेटला तो अजून विझलेला नाही. तो विझावा अशी माझी इच्छाही नाही.

घरगाडी म्हणजे माझ्या थोरल्या भावाने जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरची केलेली चाकांवरची खोली. आसनं काढून तिथे दोन बाकडी, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, आणि खिडकीपाशी वहिनीसाठी खाट. आमचं घर सुरतेच्या गोडादऱ्यात, कामगारांच्या वस्तीत. भाऊ लूमच्या खात्यात, म्हणजे साड्या विणायच्या कारखान्यात, मास्तर, मी मराठी शाळेत शिक्षिका, आणि वहिनीने उभा संसार केला तो घरात बसून साड्यांवर खडे चिकटवत. त्या गोंदाचा उग्र दर्प आणि त्या कापडाची बारीक तूस तिने इतकी वर्षं छातीत साठवली, की आता तिला आडवंच होता येत नाही. भिंतीला टेकून, बसल्या बसल्या ती झोपते. डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस समुद्राच्या मोकळ्या वाऱ्यात ठेवून बघा. हॉटेलच्या बंद, गार खोलीत तिचा जीव कोंडतो, म्हणून गाडीचा हा खटाटोप. बघा ना, मागणी केवढीशी! एका बाईला पाठ टेकून झोपता यावं, एवढीच.

मग सुरू झाला जागेचा शोध. गाडी उभी करून राहता येईल अशा किनाऱ्यावरच्या कॅम्पांची छायाचित्रं मोबाइलवर पाहता पाहता माझे डोळे दुखले. सगळीकडे निळंशार आकाश, कोरडी हिरवळ, खुर्च्या मांडून बसलेली हसरी कुटुंबं. एकाही चित्रात पाऊस नव्हता! ज्या किनाऱ्यावर वर्षा ऋतू महिनोन् महिने ठाण मांडून बसतो, तिथल्या जागेचं रूप दाखवायचं ते फक्त हिवाळ्यातलं? आंब्याची पेटी विकताना वरचा थर तेवढा चांगला लावतात, तसलाच हा प्रकार. पण आम्ही भुललो. खात्यात यंत्रं बदलायची म्हणून भावाला ऐन श्रावणात सुटी मिळाली होती, आणि वहिनीने डब्यात दादर ज्वारीच्या भाकरीसुद्धा बांधल्या होत्या.

कॅम्पावर पोचलो तेव्हा समुद्राच्या बाजूला उंचावर मुरूम टाकून पक्की केलेली मोकळी मैदानं दिसली. वारा तिथून थेट येत होता. मी व्यवस्थापकाकडे तीच जागा मागितली. कुठून आलात, असं त्याने विचारलं, गोडादरा ऐकल्यावर एकदा गाडीकडे, एकदा भावाच्या चपलांकडे पाहिलं आणि म्हणाला, "ऊपर जगा नथी, बेन. ए बधी बुकिंगवाळी छे." मग त्याने आम्हाला खाली नेलं, खाडीच्या कडेला, बांधाच्या आड, दाट बदामाखाली. आणि माझा भाऊ काय म्हणाला असेल? "हाई जागा मस्त शे! सावली शे, पानी शे, आडोसा बी शे." व्यवस्थापकाचा चेहरा एवढा खुलला की तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

भावाचे डोळे सुरतेत राहतात, पण जागा पाहतात ती खानदेशातून. आमच्या मुलखात मुक्कामाचं ठिकाण असंच निवडायचं: आधी झाड, मग पाणी, मग आडोसा. वैशाखातल्या झळा ज्याने सोसल्या, त्याला सखल जागेतली गर्द छाया म्हणजे साक्षात आईचा पदर वाटते. तिकडे ते शहाणपणच आहे. पण जिथे आकाशच दिवसभर गळतं, तिथे सावली कशाला हवी? पाऊस थांबला तरी बदाम ठिबकत राहिला. बांधाने वारा अडवला, डासांना आसरा दिला. भरतीबरोबर खाडी फुगली, मघाशी हिरवळ वाटलेली जमीन खालून पाणी सोडू लागली आणि मागची चाकं रुतली. आत वहिनीच्या छातीतून शीळ ऐकू येऊ लागली.

मी भावावर ओरडले. अर्धं आयुष्य समुद्राजवळच्या या शहरात काढलंस, आणि भरती कशी येते ते तुला ठाऊक नाही? तो वाकून चाकाभोवतीचा चिखल हातांनी उपसू लागला. ते पाहून मला जास्तच राग आला, आणि मग त्या रागाची दिशाच बदलली. त्याला ठाऊक असणार तरी कसं? घर ते खातं, खातं ते घर. रविवारी बाजार, उन्हाळ्यात गावाकडचं लग्न. या शहराने त्याच्याकडून देशभरच्या बायकांना नेसवायला साड्या विणून घेतल्या, पण समुद्र कधी दाखवला नाही. हा दोष भावाचा म्हणायचा?

इतक्यात वहिनीच दारात येऊन उभी राहिली. तिला नीट बोलवतही नव्हतं. "मना जीव घुसमटस आठे," ती म्हणाली, "गाडी वर ली चाल." भावाने पुसायला आणलेल्या साड्यांच्या चिंध्यांचं सगळं गाठोडं चाकांखाली कोंबलं. चाकांना पकड मिळाली, गाडी हिसका देऊन सुटली आणि आम्ही सरळ वर गेलो.

वर कोणी नव्हतं. एकही गाडी नाही. मैदानभर नुसता खारा, भरदार, धावता वारा! आम्ही दोन्ही दारं उघडली. वहिनी खाटेवर बसली, थोडी कलली, आणि पाहता पाहता तिची पाठ गादीला टेकली. शीळ मंद होत गेली. ती झोपली, आडवी, पाय पसरून.

व्यवस्थापक छत्री सावरत तणतणत आला. गाडी खाली घ्या म्हणाला. आणि माझा भाऊ, जन्मभर शेठच्या आवाजावर उठायची सवय झालेला माझा भाऊ, खरोखरच किल्लीकडे हात नेऊ लागला! मी किल्ली काढून कमरेला खोचली आणि दारात पाय रोवून उभी राहिले. "बुकिंगवाळा आवे त्यारे बोलावजो," एवढंच बोलले. आम्ही होतो तोवर कोणीही आलं नाही.

वहिनीला जाग आली तेव्हा पाऊस उघडला होता आणि ऊन कलत होतं. उठून बसत तिने लाटांकडे पाहिलं. मग म्हणाली, "इतला वारा शे आठे? आन इतला वरीस आपले कोन्ही सांगं नही?"

ती चिडली नव्हती. तिने फक्त विचारलं होतं. चिडण्याचं काम तेव्हापासून मी माझ्याकडे घेतलं आहे.