डोळ्यातला ठिपका

चष्मेवाल्याला बाजारात चष्मेवाला म्हणत, आणि छायाचित्र मंडळात ‘कात्री’. हे नाव त्याच्या तोंडावर कुणी घेत नसे, पण त्याला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

मंडळ दर रविवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमे. खोलीत एक दोरी, दोरीला कपडे वाळत घालायचे चिमटे, आणि चिमट्यांना माणसांचे फोटो. फोटो कुणी काढला हे आधी सांगायचं नाही, असा नियम. सगळ्यांनी बोलून घ्यायचं, काढणाऱ्यानं तोवर अळीमिळी गुपचिळी करून बसायचं, आणि शेवटी उभं राहून ‘माझा’ एवढंच म्हणायचं. कात्रीची पाळी आली की तो खिशातून पुठ्ठ्याच्या दोन काटकोनी पट्ट्या काढी आणि फोटोवर धरून चौकट लहान करत नेई. “हा खांदा कशाला? उडवा. हे कपाट कशाला? उडवा.” कधीकधी माणूसच उडायची वेळ येई.

नियम निनावी असला तरी कात्रीला नावं कळत. तो आधी भिंगानं फोटोतल्या डोळ्यात बघे. डोळ्यात समोरची खिडकी, दिवा, कॅमेरा धरून उभा असलेला माणूस, सगळं बारीक उमटलेलं असतं. “चोर डोळ्यातच सापडतो,” असं तो म्हणे. डोळे हा त्याचा धंदाच होता.

या एवढ्या जाणकाराला एक चेहरा काही केल्या जमत नव्हता, तो घरचाच. बायकोला तो दुकानातल्या तपासणीच्या स्टुलावर बसवी, मागे काळा पडदा ओढी, आणि सुरू होई. “हनुवटी वर. जरा डावीकडे. हलू नकोस. हं, आता हस.” ती हसेही. फोटो हातात आला की मात्र त्यात नंबर तपासायला आलेलं गिऱ्हाईक दिसे.

“नाचता येईना अंगण वाकडं,” ती म्हणे. “माझं थोबाडच तसं, असं म्हणा आणि मोकळे व्हा.”

अशात मंडळात बेकरीवाला आला. त्याची बेकरी रस्त्यापलीकडे, चष्म्याच्या दुकानासमोरच. ना भिंग ना पट्ट्या, पाव बांधता बांधता गप्पा मारायचा आणि मधेच कॅमेरा उचलायचा. आणि त्याचे फोटो! म्हातारे त्यात लाजायचे, सावकारासारखी तोंडं असलेली माणसं पोरासारखी हसायची. लोक वाहवा करत आणि कात्रीच्या पोटात दुखे. फोटोत खोट काढावी तर ती सापडत नसे, आणि सापडली तर इतकी बारीक की सांगताना आपलीच लाज वाटावी.

त्यातून एकदा हा बाबा सहज बोलून गेला, “वहिनींचा चेहरा फार बोलका आहे हो.”

झालं. बोलका? माझ्या फोटोत बाराही महिने मुका, आणि याच्याशी बोलतो? त्या दिवसापासून बायको पाव आणायला गेली की चष्मेवाला गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा तसाच ठेवून काचेच्या दारातून बघत राही. तिला नेहमीपेक्षा उशीर झाला असं त्याला रोजच वाटे.

वर्षातून एका रविवारी मंडळात घरच्यांनाही बोलावत आणि त्या दिवशी निवडलेला फोटो वर्षभर वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवर लागे. चष्मेवाल्यानं यंदा बायकोचा नवा फोटो दिला होता. जिना चढताना तो तिला म्हणाला, “आज तुला भिंतीवर चढवतो बघ.”

वर गेला आणि दारातच थबकला. दोरीवर त्याची बायको दोनदा लटकत होती. एक त्याची, हनुवटी वर केलेली. तिच्या शेजारी दुसरी, काळोखी पार्श्वभूमी, हात मांडीवर सैल पडलेले, आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू नुकतंच येऊ घातलेलं. कुणाला तरी बघून आलेलं हसू. या बाईला तो लग्नाआधी एकदा भेटला होता, त्यानंतर कधी नाही.

तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं खोलीत नजर फिरवली. बेकरीवाला खिडकीशी बसून त्या फोटोकडे टक लावून बघत होता.

सगळे बोलले. जुने पोस्टमास्तर मंडळाचे सचिव होते, ते म्हणाले, “या फोटोसमोर बसून चहा प्यावासा वाटतो.” बेकरीवाला म्हणाला, “मला काही बोलायचं नाही. नुसता बघू दे.” वा रे साळसूद, कात्री मनात म्हणाला, आणि उठला. त्यानं खिशातून पट्ट्या काढल्या. भिंगाची त्याला आठवणही झाली नाही.

“डावा हात मनगटाशी कापलाय. ही पहिली चूक. मागे नुसता काळोख, बाई घरात आहे की विहिरीत, पत्ता नाही. कपाळावर उजेड जास्त. आणि हे हसू,” त्यानं पट्ट्या जवळ आणत आणत तेवढं हसूच चौकटीत पकडलं, “हे हसू चोरलेलं आहे. दुसऱ्याच्या घरातून उचललेलं. ज्यानं काढलाय त्यानं लाज असेल तर उभं राहावं.”

सगळ्यांनी बेकरीवाल्याकडे पाहिलं. बेकरीवाला गोंधळून इकडेतिकडे बघायला लागला. मागच्या रांगेत खुर्ची सरकली.

“माझा,” बायको म्हणाली.

कुणी हसलं नाही, हे मंडळाचे उपकार. ती पुढे आली नाही, तिथूनच म्हणाली, “तुम्ही दुपारी जेवायला घरी जाता, तेव्हा दुकानात मीच असते ना. कॅमेरा स्टँडवर लावला, आपोआप फोटो काढायचं ते बटण दाबलं. तुमचं बघून बघून येतं तेवढं. पोस्टमास्तरांना मीच नेऊन दिला. इतरांना तुम्ही इतकं समजावून सांगता, मला नुसतं ‘हलू नकोस’. म्हटलं, नाव नसलं तर आपल्यालाही सांगतील.”

आता त्याला भिंग आठवलं. सगळ्यांदेखत त्यानं ते फोटोवर धरलं. डोळ्यात त्याच्याच दुकानाचं काचेचं दार होतं, दारावर रंगवलेला मोठा चष्मा होता, स्टँडवर कॅमेरा होता आणि कॅमेऱ्यामागे कोणी नव्हतं. त्यानं सुटकेचा श्वास घेतला, पण तो अर्ध्यावरच अडकला. रंगवलेल्या चष्म्याच्या एका गोलातून पलीकडचा रस्ता दिसत होता, आणि रस्त्यावर एक काळा ठिपका. उभा ठिपका, माणसासारखा. आणि रस्त्यापलीकडे काय आहे, हे कोणी त्याला सांगायला नको होतं.

फोटो तिचाच निवडला गेला. टाळ्या त्यानंही वाजवल्या. वाटेत मात्र राहवेना.

“कुणाला बघून हसत होतीस?”

“आठवत नाही.”

“समोर बेकरी आहे.”

तिनं त्याच्याकडे पाहिलं. चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. “दुकान उघडा,” ती म्हणाली.

रविवार असूनही त्यानं दुकान उघडलं. तिनं काळा पडदा ओढला, त्याला स्टुलावर ढकललं, कॅमेरा स्टँडवर लावून बटण दाबलं आणि आत निघून गेली.

“अगं, काहीतरी सांग की! हनुवटी कशी, नजर कुठे?”

“बसा नुसते. समोर बघा.”

या स्टुलावर त्यानं अख्खा बाजार बसवला होता, स्वतः कधी बसला नव्हता. त्यानं आधी बेकरी शोधली. ती दिसेना. मान लांब केली, तरी दिसेना. चष्म्याच्या जाड रंगवलेल्या काडीमागे ती पार झाकली गेली होती. गोलातून दिसत होतं फक्त गल्लीचं वळण. घरी जेवून, दुपारची झोप काढून, शर्टाची बटणं वरखाली लावून, केस उभे घेऊन रोज एकच माणूस त्या वळणावरून दुकानाकडे येत असे.

तो त्या रिकाम्या वळणाकडे बघत राहिला. कॅमेरा कधी वाजला ते त्याला कळलंही नाही.

ती बाहेर आली, कॅमेऱ्याच्या पडद्यात बराच वेळ बघत उभी राहिली. विचारायची त्याची छाती होईना.

“डावा हात मनगटाशी कापला गेलाय,” ती म्हणाली. “बाकी राहू दे.”