तीन आठवडे मी गप्प होते

आमच्या कॉलेजात हॅशिंग शिकवायचं ते मीच, असं एकोणीस वर्षं चाललं होतं. विषय तसा सोपा. कॉम्प्युटरला हजारो नावांतून एक नाव पटकन शोधायचं असतं. म्हणून नावातल्या अक्षरांवरून एक आकडा काढायचा आणि त्या आकड्याच्या खणात ते नाव ठेवायचं. खण आधीच भरलेला असेल तर पुढच्या रिकाम्या खणात. शोधतानाही आपल्या खणापासून निघायचं, पुढे पुढे बघत जायचं, आणि मध्ये रिकामा खण लागला की थांबायचं, म्हणजे नाव इथे नाहीच. मी फळ्यावर चार रंगांच्या खडूंनी खण काढायची, बाण काढायची. मुलं फळ्याचे फोटो घेऊन जायची. माझ्या फळ्याचा फोटो मी स्वतः कधी घेतला नाही, पण मुलं घ्यायची तेव्हा मी जरा बाजूला सरकून उभी राहायची.

मग ती नवी शिक्षिका आली. एकोणतीस वर्षांची, महूची, वडील लष्करातून रिटायर्ड. आमच्या स्टाफरूममध्ये सगळा कारभार हिंदीत. मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. पहिल्याच दिवशी तिने मला "ताई" म्हटलं. तिचं मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ होतं. मी इथल्याच स्नेहलतागंजात वाढले, आमच्या घरी "अगं वो वाली पिशवी दे" असं मराठी. अढी बसायला इथूनच कुठेतरी सुरुवात झाली असावी.

दुसऱ्या सेमिस्टरला माझ्या दोन तुकड्यांपैकी एक तिला मिळाली. महिन्याभराने माझ्याच वर्गातली एक मुलगी मला म्हणाली, "मैडम, नई मैडम का पेज देखा आपने? हैशिंग वाला? मस्त है!"

मी "हाँ हाँ" म्हटलं. पाहिलं नव्हतं.

रविवारी सकाळी पोहे झाल्यावर मी लॅपटॉप उघडला. पेजवर खणांची एक रांग होती. वर नाव टाइप केलं की त्यातलं एकेक अक्षर सुटून आकडा व्हायचं, आकड्यांची बेरीज व्हायची आणि ते नाव एका गोळीसारखं घरंगळत आपल्या खणात पडायचं. तिथे कुणी असेल तर धडकून पुढे सरकायचं. खाली एक पट्टी होती, ती ओढली की खण कमी व्हायचे आणि धडका वाढायच्या. खण कमी पडले की काय गोंधळ होतो ते सांगायला मला अर्धा तास लागायचा. इथे बोट जरा डावीकडे नेलं की दिसत होतं. मी पट्टी मागे-पुढे करत बसले. खोटं कशाला सांगू, मजा येत होती. आणि मजा येत होती म्हणूनच तिचा हेवा वाटत होता.

नवरा शेजारी येऊन बसला. "काय खेळतेस?"

"खेळत नाही, बघतेय."

"माझं नाव टाक ना."

त्याचं टाकलं, मग माझं. आमच्या दोघांचा आकडा एकच निघाला. तो खणात बसला आणि मी त्याला धडकून पुढच्या खणात गेले. तो खूश झाला. म्हणाला, "आता मला काढून बघ." मी त्याचं नाव पुसलं. खण रिकामा झाला. मग सहज माझं नाव शोधलं. गोळी माझ्या मूळ खणापाशी आली, तो रिकामा दिसला, थांबली. पडद्यावर आलं, "नहीं मिला."

आणि मी तर पुढच्याच खणात बसलेली, डोळ्यांसमोर.

"म्हणजे मला काढलं की तूपण गायब!" नवरा हसायला लागला. मी हसले नाही. तिची चूक मला सापडली होती. नाव काढलं की खण नुसता रिकामा करून चालत नाही. तिथे एक खूण ठेवावी लागते, की इथे कोणी होतं, थांबू नकोस, पुढे बघ. मी हे दर वर्षी लाल खडूने शिकवते. ती विसरली होती. मला इतका आनंद झाला की त्याची लाज वाटायला हवी होती. त्या दिवशी तरी वाटली नाही.

सोमवारी ती माझ्या टेबलाशी आली. "ताई, पेज पाहिलंत का हो? तुम्ही इतकी वर्षं शिकवताय, काही चुकलं असेल तर सांगा ना."

मी चहाचा कप उचलला. "छान आहे गं," म्हटलं. "रंग छान घेतलेस."

असं का केलं, तर त्यामागे एक बेत होता. महिन्याअखेरीस आमच्याकडे दुसऱ्या कॉलेजांचे शिक्षक येणार होते, अगदी देपालपूरहून, उज्जैनहून. त्यांना ती हे पेज दाखवणार होती. मी ठरवलं होतं की तिसऱ्या रांगेत बसायचं, हात वर करायचा आणि गोड आवाजात म्हणायचं, "जरा एक नाव काढून त्याच्या पुढचं शोधून दाखवता का?" मी हे वाक्य आंघोळ करताना म्हणून बघायची. कधी हिंदीत, कधी मराठीत. हिंदीत जास्त बरं वाटायचं.

पण त्याआधी चाचणी आली. दोन्ही तुकड्यांचे पेपर मी तपासणार होते. चौथा प्रश्न होता, हॅश टेबलमधून नाव काढताना काय कराल? पहिल्या पेपरात लिहिलं होतं, खण रिकामा करू. लाल फुली मारली. दुसऱ्यात तेच. पाचव्यात, सहाव्यात तेच, आणि वर सुबक आकृतीसुद्धा. तिच्या तुकडीचे पेपर संपले, मग माझ्या तुकडीचे सुरू केले. तिथेही फुल्या. मी स्वतः फळ्यावर लाल खूण काढून शिकवलेली मुलं, आणि त्यांनी पेजवरचं उत्तर लिहिलं होतं.

पेपर परत दिले तेव्हा पेजबद्दल सांगणारी तीच मुलगी उभी राहिली. "मैडम, ये गलत कैसे है? आपने बोर्ड पे निशान वाला बताया था, पर पेज पे तो खाली ही होता है. हमने खुद करके देखा."

खुद करके देखा. जे हाताने करून पाहिलं ते मुलांनी खरं मानलं. माझा फळा त्यांनी नुसता पाहिला होता.

मधल्या सुट्टीत मी स्टाफरूममध्ये नव्या मॅडमच्या टेबलाशी गेले. नाव काढल्यावर काय होतं ते सांगितलं. तिने लगेच लॅपटॉपवर करून पाहिलं. एकदा, दोनदा. कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा! इतकी साधी गोष्ट! बरं झालं तुम्ही पाहिलंत." मग मान वर करून विचारलं, "आज लक्षात आलं का?"

हो म्हणता आलं असतं. ती वाटच बघत होती हो म्हणण्याची. का कोण जाणे, मला ते जमलं नाही.

"तीन आठवडे झाले," मी म्हटलं.

तिने आवाज चढवला नाही. "मग तीन आठवडे मुलं चुकीचं शिकली," म्हणाली. "मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"ठीक आहे, मॅडम." आणि तिने लॅपटॉप आपल्याकडे वळवून घेतला.

चौथ्या प्रश्नाचे मार्क मी सगळ्यांना दिले. वर्गात सांगितलं की पेजमध्ये चूक होती, ती आता दुरुस्त झाली आहे. मला आधीपासून माहीत होतं, हे सांगितलं नाही. ते आज पहिल्यांदाच लिहितेय.

कार्यक्रमाच्या दिवशी मी तिसऱ्या रांगेतच बसले, कारण दुसरीकडे जागा नव्हती. वाटलं होतं, ती आता दुरुस्त पेज दाखवील आणि संपेल. तिने काय केलं, तर चुकीचं पेजही ठेवलं. दोन्ही शेजारी शेजारी. आधी चुकीच्या पेजवर एक नाव काढलं, पुढचं शोधलं. "नहीं मिला." हॉलमधले शिक्षक खुर्चीत पुढे सरकले. "वो तो सामने बैठा है!" कुणीतरी ओरडलं. मग तिने सगळ्यांना विचारलं, का नाही मिळालं? उत्तर येईपर्यंत ती थांबली. मी इतकी कधीच थांबू शकत नाही, मला सांगून टाकायची घाई असते. शेवटी मागच्या रांगेतल्या एका सरांनी खुणेचं सांगितलं, तशी तिने दुसऱ्या पेजवर ती खूण उमटवून दाखवली. टाळ्या वाजल्या.

"ये गलती हमारी सीनियर मैडम ने पकड़ी थी," तिने माझ्याकडे हात केला. कधी पकडली ते सांगितलं नाही. लोकांनी माझ्यासाठीही टाळ्या वाजवल्या. मला उठून उभं राहावं लागलं. माझा सगळा बेत तिने माझ्यापेक्षा चांगला पार पाडला होता, माझी मदत न घेता. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "एकदाचा झाला तो कार्यक्रम."

सुट्टीत मी असं पेज बनवायला शिकायला लागले. स्टॅकचं घेतलं, ताटांची चळत, वरचं ताट आधी निघतं, इतकंच. माझी ताटं पडद्याबाहेर जायची. एकदा चळत उलटी झाली, खालचं ताट निघायला लागलं. तीन दिवस धडपडून शेवटी तिला फोन केला. तिने दोन मिनिटांत सांगितलं, वजाच्या जागी अधिक आहे. आवाज नेहमीचा होता, ना गोड ना कडू.

कॉलेज सुरू झाल्यावर माझं पेज मी माझ्या तुकडीला दाखवलं. पहिल्या बाकावरच्या एकाने ताटं चढवली, उतरवली, परत चढवली. मग विचारलं, "मैडम, इसमें आवाज़ नहीं आती क्या? थाली रखने की?"

मी तशीच स्टाफरूममध्ये गेले. ती पेपर लावत होती. मी म्हटलं, "आवाज कसा घालतात गं?"

तिने शेजारची खुर्ची ओढली. "बसा. पाच मिनिटांचं काम आहे."

मला चार दिवस लागले.