लेबल नसलेला डबा

इकडे इंग्लंडात, आमच्या मेडनहेडच्या मराठी मंडळात किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांसारखे ते आपोआप साठतात. टाकवत नाहीत, आणि एक दिवस कपाट उघडलं की अंगावर कोसळतात. गेल्या वर्षभरातले सगळे किस्से एकाच गोष्टीचे आहेत. आमचे काका-काकू तिचं नाव घेत नाहीत, नुसतं "ते" म्हणतात. मी घेते. गांजा.

*

सुरुवात निखिलपासून. निखिल माझा मित्र, नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला. सायकलवरून जाताना एका व्हॅनने त्याला उडवलं, तेव्हापासून त्याच्या पाठीच्या नसा दुखतात. सगळी औषधं करून झाल्यावर स्पेशालिस्टने त्याला गांजा लिहून दिला. या देशात मजेसाठी घेतला तर गुन्हा, डॉक्टरने लिहून दिला तर औषध. बरणीवर त्याचं नाव, डोस, तारीख, सगळं छापलेलं. बरणी कुलपात आणि किल्ली त्याच्या खिशात.

"हे लेबल आहे म्हणून मी पेशंट आहे, रेवा," तो म्हणतो. "लेबल गेलं की मी गुन्हेगार!"

संक्रांतीच्या कार्यक्रमात पाठ फारच दुखायला लागली म्हणून त्याने बागेच्या कोपऱ्यात जाऊन आपल्या छोट्या यंत्रातून त्या औषधाची वाफ घेतली. वास हॉलमध्ये आला. आठल्येकाका म्हणजे आमच्या मंडळाचे अध्यक्ष. ते तिळगूळ हातात धरूनच उभे राहिले.

"हे आपल्या संस्कृतीत बसत नाही!"

मी म्हटलं, "काका, बनारसला होळीत भांग पिऊन तुम्ही म्हशीला वाकून नमस्कार केला होतात. दर वर्षी तुम्हीच सांगता!"

"ती भांग नव्हती," काका म्हणाले. "प्रसाद होता!"

*

मग मीटिंग झाली. आमच्याकडे माणसाला तोंडावर कुणी काही बोलत नाही, त्याच्यावर मीटिंग घेतात.

निखिल दर शनिवारी आपल्या फ्लॅटवर मुलांची मराठी शाळा घ्यायचा. अपघातानंतर त्याचं क्रिकेट सुटलं, मित्रांबरोबरचं हिंडणं सुटलं. राहिली ती ही शाळा. "शनिवार आहे म्हणून मी शुक्रवार काढतो," असं तो मला एकदा म्हणाला होता. ही गोष्ट मी मीटिंगमध्ये सांगितली. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि चहा घेतला.

"शाळा बंद करत नाही आपण," काका म्हणाले. "फक्त जागा बदलतोय. मुलांसाठी सेफ घर हवं."

सेफ घर म्हणजे कुणाचं? काकांचंच! शिकवायला मी.

पहिल्याच शनिवारी सहा वर्षांच्या अन्वीने विचारलं, "निखिलदादा कुठे गेली?"

तिचं व्याकरण एकाही मोठ्या माणसाने सुधारलं नाही. सुधारलं असतं तर उत्तरही द्यावं लागलं असतं.

*

शैलाकाकू, म्हणजे आठल्येकाकांच्या पत्नी, त्याच सुमाराला टोरांटोच्या लेकीकडून परत आल्या. तिकडे गांजा दुकानात मिळतो. काकूंनी आम्हा बायकांना त्या दुकानाचं असं वर्णन केलं, जसं काही सोनाराच्या पेढीवर जाऊन आल्या!

"काय ते लख्ख दुकान! काचेची कपाटं, दारात वय तपासणार. जावईबापू म्हणाले, आई, इथे सगळं कायदेशीर आहे."

"घेतलंत की काय काही?" मी विचारलं.

"छे गं! नुसतं बघितलं."

मग त्या रडायलाच लागल्या. हीथ्रोवर त्यांची बर्फी गेली होती. बाहेरून दुधाचे पदार्थ आणायचे नाहीत, म्हणून ऑफिसरने लेकीच्या हातची बर्फी काढून घेतली. "इतका सज्जन मुलगा, तीनदा सॉरी म्हणाला, पण बर्फी काही सोडली नाही!"

त्याच बॅगेत, बर्फीच्या खालीच, गांजाच्या गमीजचं, म्हणजे जेलीच्या गोळ्यांचं, पाकीट होतं, हे आम्हाला नंतर कळलं. काकांना झोप येत नाही म्हणून. त्याला कुणी हात लावला नाही.

*

आता एक गोष्ट सांगते, जी आपल्याच लोकांना कळेल. पाकीट घरात आलं की आपण ते कात्रीने उघडतो, माल डब्यात ओततो आणि पाकीट टाकून देतो. कुठल्या डब्यात काय आहे, ते बाईच्या डोक्यात. टोरांटोच्या पाकिटाला लहान मुलांना उघडता येऊ नये अशी झिप होती. धोक्याची खूण होती. एका गमीत किती औषध आहे, तेही लिहिलेलं होतं. एका अख्ख्या देशाने विचार करून छापलेलं ते पाकीट काकूंनी रिसायकलिंगमध्ये टाकलं. लाल-हिरव्या, साखर लावलेल्या गमीज स्टीलच्या डब्यात गेल्या, आणि डबा खालच्या फळीवर, चिवड्याशेजारी.

शनिवारच्या शाळेच्या मधल्या सुट्टीत मुलं चिवडा खायची.

अन्वी बाराखडी म्हणता म्हणता आडवी झाली. मला वाटलं, कंटाळली. उठवायला गेले तर मान लुळी, आणि डोळे उघडले तरी ती माझ्याकडे बघेना. काकू मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला धावल्या. मी ॲम्ब्युलन्ससाठी ९९९ लावला. पलीकडच्या बाईने विचारलं, काही खाल्लंय का तिने?

"काही नाही," काका म्हणाले. काकूंनी स्वयंपाकघराकडे पाहिलं.

मी ते बघणं पाहिलं. निखिल मागच्याच गल्लीत राहतो, त्याला फोन केला. तो लंगडत, जवळजवळ धावत आला. खाली बसायला त्याला किती त्रास होतो, ते मला माहीत आहे. तो बसला. अन्वीला कुशीवर वळवून तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि फक्त काकूंना विचारलं, "काकू, काय होतं?"

काकूंनी डबा आणला.

"एकात किती आहे?"

"काय किती?"

"पाकिटावर लिहिलेलं असतं, काकू."

"पाकीट..." काकू म्हणाल्या. "टाकलं रे."

ॲम्ब्युलन्सवाल्यांनीही तेच विचारलं, आणि मग दुसरा प्रश्न: हे कुणाचं?

काकांनी घसा खाकरला. "यू सी, देअर इज वन बॉय इन अवर कम्युनिटी..."

सगळे निखिलकडे बघायला लागले. इतकं सोपं होतं ते! निखिलने मान वर केली नाही. तो अन्वीचा श्वास बघत होता.

"अहो, पुरे," काकू म्हणाल्या. लग्नानंतर पहिल्यांदाच म्हणाल्या असतील. मग त्या ॲम्ब्युलन्समधल्या मुलीकडे वळल्या. "माइन. फ्रॉम टोरांटो. नॉट हिज."

अन्वीची आई हॉस्पिटलमध्ये रात्रभर तिच्या उशाशी बसून होती. सकाळी अन्वीने टोस्ट मागितला. नंतर कौन्सिलची बाई चौकशीला आली. तिलाही काकूंनी तेच सांगितलं, काकांच्या समोर.

*

शाळा निखिलच्या फ्लॅटवर परत गेली. मीटिंग झाली नाही. अन्वीची आई एका शनिवारी तिला सरळ तिथे घेऊन गेली, आणि मग बाकीचेही गेले.

परवाच्या शनिवारी बेल वाजली. दारात शैलाकाकू, हातात तोच स्टीलचा डबा. आमच्यातलं कुणी उठलं नाही. मीसुद्धा नाही. काकू आत आल्या नाहीत. त्यांनी डबा नुसता पुढे केला.

झाकणावर कागद चिकटवलेला होता. मोठ्या, ठळक, मुलांना लागतील अशा अक्षरांत काहीतरी लिहिलेलं.

निखिलने डबा घेतला, उघडला नाही. अन्वीसमोर ठेवला.

"वाच," तो म्हणाला.

अन्वीने बोट ठेवलं. "बे... स... न. बेसन. ला... डू." मग खालची ओळ. "सा... जू... क तूप. का... जू आहेत." तिने वर पाहिलं. "अजून आहे."

काकू उंबऱ्याबाहेरच उभ्या होत्या. पदर हातात गच्च धरलेला.

"मग थांबलीस का?" निखिल म्हणाला. "पुढे वाच."

"शै... ला... आजी."